गाडी शोरूममध्ये तयार आहे, पण दिव्यांग ग्राहकानं ती आणायला जायचं कसं?

‘सर, तुमची गाडी तयार आहे. डिलिव्हरीला कधी येताय?’

नवी गाडी बुक केलेला प्रत्येक जण या फोनची वाट बघत असतो. मग चांगला दिवस बघायचा, घरच्यांना घेऊन शोरूम गाठायचं, हार-नारळ, पेढे, चावी हातात घेऊन फोटो आणि गाडी चालवत थेट घरी किंवा सारसबागेच्या गणपतीला. पुण्यात रोज कितीतरी कुटुंबं हे करतात. त्यात अडचण येण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल.

आता समजा, कोथरूडमध्ये राहणारा एक ग्राहक आहे. पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यामुळे तो व्हीलचेअर वापरतो. जुनी गाडी त्यानं विकून टाकली आहे. नवी गाडी वाकडच्या बाजूच्या एका शोरूममध्ये उभी आहे. अंतर फार नाही, दहा-बारा किलोमीटर. ते कापण्याचं त्याचं साधन म्हणजे गाडी, आणि ती गाडी तर तिकडे आहे.

ऐकायला ही छोटी गोष्ट वाटते. पण ती उलगडत गेलं की शहरातली वाहतूक, इमारतींचे नियम, मोटार वाहन कायदा, जीएसटी आणि दिव्यांगांचे हक्क असे पाच वेगवेगळे धागे एकाच गाठीत अडकलेले दिसतात. ही गाठ सोडवायची कशी, ते समजून घेऊ.

शोरूमपर्यंतचा रस्ता इतका अवघड का?

पहिला पर्याय रिक्षा. पाय टाकायला पायरी उंच, आत जागा कमी. कुणीतरी उचलून बसवलं तरी व्हीलचेअर ठेवायची कुठे? घडीची व्हीलचेअर असेल तर ती कशीबशी मागे किंवा पायाशी कोंबता येते. बॅटरीवर चालणारी असेल तर विषयच संपला.

दुसरा पर्याय अ‍ॅपवरून मागवलेली कॅब. आसन सोयीचं असतं, पण बहुतेक कॅब सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. व्हीलचेअर ठेवायची जागा नेमकी तीच. गाडी दारात आल्यावर चालक डिकी उघडतो आणि ‘यात नाही बसणार’ म्हणतो. मग पुढची कॅब, पुन्हा तेच. मोठी गाडी मागवली तर भाडं वाढतं आणि तिच्या डिकीतही जागा मिळेल याची खात्री नसते.

तिसरा पर्याय मेट्रो. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ला सुरू झाली. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांवरच्या स्थानकांत लिफ्ट आहे, दृष्टिहीनांसाठी खुणेच्या फरशा आहेत, डब्यात व्हीलचेअरला जागा आहे. शहरातल्या इतर साधनांच्या तुलनेत ही मोठी सोय. पण मेट्रो दारातून दारात नेत नाही. घरापासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून शोरूमपर्यंतचा पदपथ मध्येच तुटला, त्यावर दुचाकी लावलेल्या असल्या किंवा तोंडाशीच खांब रोवलेले असले, की व्हीलचेअर रस्त्यावर उतरते आणि बसच्या शेजारून चालते. जंगली महाराज रस्त्यासारखे रुंद, सलग पदपथ शहरभर नाहीत. शिवाय अनेक मोठी शोरूम महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत आहेत. तिथे धडधाकट माणसालाही चालत जाणं जिवावर येतं.

उरतो शेवटचा पर्याय, म्हणजे मित्र किंवा नातेवाईक. बहुतेक जण हाच मार्ग निवडतात. गाडी घेण्यामागचा हेतू कुणावर अवलंबून राहावं लागू नये हा, आणि ती घरी आणायलाच कुणाची तरी रजा पडते.

शोरूमला पोचलं, पुढे?

महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२०पासून पुण्यालाही लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी याबाबत स्पष्ट मोजमापं आहेत. रॅम्पचा चढ १:१२पेक्षा तीव्र नको. प्रवेशद्वाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर हवी. दिव्यांगांसाठी दोन गाड्यांचं पार्किंग प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवं आणि त्या जागेची रुंदी किमान ३.६ मीटर हवी. गाडीचं दार पूर्ण उघडून व्हीलचेअर शेजारी लावता यावी, म्हणून ही जादा रुंदी.

१:१२ म्हणजे काय? दारात १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर एकूण चढ ४५ सेंटिमीटर. त्यासाठी रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. शोरूममध्ये अनेकदा रॅम्प असतो, पण तो गाड्या आत-बाहेर काढण्यासाठी केलेला असतो. चारचाकी त्यावरून सहज चढते, हातानं ढकलायची व्हीलचेअर चढत नाही. ‘आमच्याकडे रॅम्प आहे ना’ असं फोनवर सांगणारा कर्मचारी खोटं बोलत नसतो. रॅम्प कशासाठी आहे, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसतो, इतकंच.

त्यापुढे स्वच्छतागृह, उंच काउंटर, पहिल्या मजल्यावरचा अकाउंट्स किंवा विम्याचा विभाग. डिलिव्हरीची कागदपत्रं, उरलेले पैसे आणि गाडीची माहिती यात दोन-तीन तास सहज जातात. स्वच्छतागृह वापरता येणार नसेल तर अनेक जण त्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

गाडी मिळाली, पण चालवणार कोण?

कंपनीतून आलेली गाडी साधी असते. ज्याच्या पायांत ताकद नाही त्याला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. उजवा पाय निकामी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे घ्यावा लागतो. एका हातानं स्टिअरिंग फिरवायचं असेल तर त्यावर मूठ बसवावी लागते. हे बदल गाडी हातात आल्यावर बाहेरच्या फिटरकडून करून घ्यावे लागतात. म्हणजे नटूनथटून उभी असलेली नवी गाडी त्या दिवशी तिचा मालक चालवूच शकत नाही.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्यात पूर्वी ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. २०१९च्या दुरुस्तीनं तो काढून ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार बनवलेलं किंवा बदललेलं वाहन, हा शब्द आणला. वाहन परवान्यातही तो स्वतंत्र प्रकार आहे. ज्याच्याकडे फक्त या प्रकारचा परवाना आहे, त्यानं बदल न केलेली गाडी शोरूममधून चालवत बाहेर काढली तर ते परवान्याबाहेरचं वाहन चालवणं ठरतं. वाटेत अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न येऊ शकतो.

मग बदल आधीच करून का घेत नाहीत?

इथे क्रमाचा घोळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१मध्ये २०१९ला झालेल्या दुरुस्तीनुसार, डीलर आणि नोंदणी एकाच राज्यात असेल तर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा आहे. नोंदणी क्रमांक गाडीवर लागेपर्यंत ती मालकाला द्यायची नाही, असंही कायदा सांगतो. ग्राहकाचा आरटीओचा एक फेरा वाचला, हा चांगला भाग. पण त्यामुळे गाडी आधी ‘साधी गाडी’ म्हणून नोंदली जाते, मग मालकाच्या ताब्यात येते, मग त्यात बदल होतात. कलम ५२नुसार असे बदल करता येतात, पण त्यानंतर आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे सुरुवातीला वाचलेला फेरा शेवटी पुन्हा पदरात पडतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला ही अडचण माहीत आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये मंत्रालयानं एक मसुदा प्रसिद्ध केला. पूर्ण तयार गाडीला तात्पुरती नोंदणी देऊन, तेवढ्या काळात तिचं रूपांतर करून घेता यावं, ही त्यामागची कल्पना होती. तुमची गाडी या मार्गानं नोंदवता येईल का, हे बुकिंगच्या वेळीच डीलर आणि आरटीओला विचारायला हवं. नोंदणी झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट बुकिंगच्या वेळीच सांगायची. ऑक्टोबर २०२०मध्ये नियमात बदल होऊन नोंदणी अर्जात मालकीचा प्रकार म्हणून ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करण्याची सोय झाली. ही नोंद पुढे सवलती मागताना पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज डीलर भरत असल्यानं हा रकाना त्याच्याच हातात असतो. सांगितलं नाही तर ‘वैयक्तिक’ असं भरून तो मोकळा होतो.

यातली गंमत म्हणजे गाड्यांच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या करून प्रमाणपत्र देणारी देशातली एक प्रमुख संस्था, एआरएआय, कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर आहे. दिव्यांगांसाठीच्या अनेक किटवर ‘एआरएआय मान्यताप्राप्त’ असं लिहिलेलं असतं. किटला पुण्यात मान्यता मिळते, पण ते बसवलेली गाडी थेट शोरूममधून मिळणं पुण्यातही सोपं नाही.

जीएसटीत काय बदललं?

२२ सप्टेंबर २०२५च्या आधी चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. डिझेलच्या बाबतीत १५०० सीसीपर्यंत, उपकर ३ टक्के. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र दाखवल्यावर तीच गाडी १८ टक्के जीएसटीनं आणि उपकराविना मिळायची. पाच वर्षांत एकदाच, आणि पाच वर्षं ती विकायची नाही, या अटींवर.

६ लाख रुपये मूळ किंमत असलेल्या पेट्रोल गाडीवर सर्वसाधारण ग्राहक १ लाख ७४ हजार कर भरत होता आणि सवलत मिळालेला दिव्यांग ग्राहक १ लाख ८ हजार. फरक ६६ हजारांचा. हात-नियंत्रणाचं किट, ऑटोमॅटिक गिअरसाठी मोजावे लागणारे जादा पैसे, आरटीओचे फेरे या खर्चाला त्यातून काहीसा हातभार लागायचा.

२२ सप्टेंबर २०२५पासून या छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के जीएसटी झाला. दिव्यांग ग्राहकाचा कर वाढला नाही, हे खरं. पण जादा खर्च भरून काढणारा फरक उरला नाही. व्हीलचेअर सहज मावेल अशी मोठी गाडी घ्यायची तर कर ४० टक्के. कराच्या तक्त्यात आता तो इतरांच्या बरोबरीला आला आहे, खर्चाच्या वहीत आलेला नाही.

शोरूमवर कायद्यानं काही बंधन आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांचा वावर असलेल्या खासगी व्यापारी इमारतीही येतात. कलम ४५नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. कलम ४६नुसार सरकारी आणि खासगी सेवा पुरवठादारांनी दोन वर्षांत आपल्या सेवा सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ला आले. म्हणजे सेवांची मुदत २०१९ला संपली, इमारतींची २०२२ला. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग अंमलबजावणी का दिसत नाही? त्याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयानंच दाखवून दिलं. ‘राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ला न्यायालयानं २०१७च्या नियमांतला नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सुगमता बंधनकारक म्हणतो आणि नियम मात्र शिफारशीच्या भाषेतल्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, हा तो विरोधाभास. तीन महिन्यांत बंधनकारक नियम तयार करा, असं न्यायालयानं केंद्राला सांगितलं.

कायद्यातली आणखी एक कल्पना इथे कामाची आहे, ‘रीझनेबल अकोमोडेशन’. सोप्या भाषेत, त्या व्यक्तीच्या गरजेनुसार करायचा वाजवी फेरबदल. तो नाकारणं हाही कायद्याच्या दृष्टीनं भेदभाव आहे. अट एकच, त्यामुळे समोरच्यावर अवाजवी भार पडता कामा नये.

गाडी घरी आणून देणं हा अवाजवी भार आहे का?

डीलरची बाजूही समजून घ्यायला हवी. वाटेत ओरखडा आला तर जबाबदार कोण? चालकाचा अर्धा दिवस जातो. ग्राहकानं शोरूममध्ये गाडी तपासून सही केली की नंतर वाद होत नाहीत. शिवाय डिलिव्हरीचा सोहळा हा शोरूमच्या जाहिरातीचा भाग असतो.

पण २०२० आठवा. कोरोनाच्या काळात कार कंपन्यांनी ऑनलाइन बुकिंग आणि घरपोच डिलिव्हरीच्या योजना स्वतःहून जाहीर केल्या होत्या. गाडी स्वच्छ करून, कागदपत्रं पाकिटात घालून, चावी दारात देण्यापर्यंतची पद्धत त्यांनी बसवली होती. गाडीला नोंदणी क्रमांक आहे, विमा आहे, चालकाकडे परवाना आहे, एवढं असलं की ती कोथरूडला नेऊन देण्यात कायद्याची आडकाठी नाही. जे सगळ्यांसाठी जमलं होतं, ते काही ग्राहकांसाठी जमणार नाही असं म्हणणं अवघड आहे.

बाजारातही थोडी हालचाल आहे. डिसेंबर २०२५मध्ये मारुती सुझुकीनं वॅगनआरसाठी बाहेरच्या बाजूला वळणारं आसन आणलं. बेंगळुरूच्या एका स्टार्टअपबरोबर केलेला हा प्रयोग ११ शहरांपासून सुरू झाला आणि आसन डीलरकडेच बसवून मिळतं. त्यानं गाडीत बसणाऱ्याची सोय होते, चालवणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. पण दिव्यांगांसाठीचा बदल ही डीलरनं करायची गोष्ट असू शकते, एवढं त्यातून सिद्ध झालं. ब्रिटनमध्ये १९७७ला सुरू झालेल्या मोटॅबिलिटी योजनेत ही पद्धत केव्हाच रुळली आहे. तिथे गाडीची मागणी नोंदवतानाच बदल ठरतात आणि ते बसवूनच गाडी ताब्यात मिळू शकते.

आणि हा प्रश्न फक्त व्हीलचेअरचा नाही. कर्णबधिर ग्राहकाला सगळी माहिती फोनवर देऊन भागत नाही, लेखी मेसेज हवा. दृष्टिहीन व्यक्ती स्वतःच्या नावावर कुटुंबासाठी गाडी घेते, तेव्हा सही करण्याआधी कागद वाचून दाखवायला हवेत आणि चालक सोबत नाही म्हणून तिला टाळायला नको. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या.

तुम्ही किंवा घरचं कुणी गाडी घेत असाल तर काय कराल?

१. बुकिंगची रक्कम देण्याआधी घरपोच डिलिव्हरीचं लेखी ठरवा. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालेल. ‘बघू नंतर’ हे उत्तर स्वीकारू नका. एकदा पूर्ण पैसे भरले की बोलण्यातलं वजन कमी होतं.

२. मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा नोंदवायला सांगा. यूडीआयडी कार्डाची प्रत द्या आणि अर्ज भरल्यावर त्याची प्रत मागून घ्या.

३. फिटर आधी ठरवा. गाडी शोरूममधून थेट फिटरकडे नेऊन द्यायला सांगा, म्हणजे तुमचा एक फेरा वाचेल. काही फिटर घरी येऊनही किट बसवतात. किटचं मान्यतेचं प्रमाणपत्र आणि बिल जपून ठेवा, आरटीओत ते लागतील.

४. किट बसवल्यानं वॉरंटीवर परिणाम होईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

५. गाडी तपासायला जाता येत नसेल तर विश्वासू माणसाला अधिकारपत्र देऊन पाठवा किंवा दिवसाउजेडी व्हिडिओ कॉलवर बघा. चॅसी क्रमांक, किलोमीटरचा आकडा, टायर, काचा, रंग, दोन्ही चाव्या. घरी आल्यावर हे सगळं पुन्हा बघूनच पावतीवर सही करा.

६. विमा कंपनीला केलेले बदल कळवा आणि पॉलिसीत नोंदवून घ्या. दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीला, नोंदणी पुस्तकात तशी नोंद असल्यास, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत देणारं ‘आयएमटी-१२’ हे कलम भारतीय मोटार टॅरिफमध्ये आहे. ते लागू करता का, असं नाव घेऊन विचारा. एजंट स्वतःहून सहसा सांगत नाही.

७. नकार मिळाला तर तो लेखी मागा. मग क्रमानं कंपनीचा ग्राहक कक्ष, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. आयुक्तांना अशा तक्रारींची चौकशी करून शिफारस करण्याचे अधिकार आहेत.

शेवटी मुद्दा काय?

बुकिंगच्या वेळी शोरूममध्ये बरंच काही विचारतात. रंग कोणता, कर्ज कुठल्या बँकेचं, जुनी गाडी द्यायची आहे का, सीट कव्हर घेणार का, मॅट कुठल्या. या यादीत आणखी एक प्रश्न सहज बसतो, ‘गाडी तुमच्यापर्यंत कशी पोचवू?’ त्याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा खर्च.

तो प्रश्न विचारला गेला तर कोथरूडच्या त्या ग्राहकाचा दिवस वेगळा जाईल. गाडी सकाळी फिटरकडे, संध्याकाळी किट बसवून त्याच्या दारात. नारळ घरच्या पार्किंगमध्ये फुटेल आणि पहिल्या फेरीला स्टिअरिंगवर तोच बसलेला असेल.